सांजची कॅप्सूल

खैरवाडी, ता. जिंतूर
दि. ६ सप्टेंबर २०२४

चि. सुकेशनी,

मामाचा सप्रेम जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि राहिलेलं निम्मं तुझी मामी शेजारी बसून मोठ्यानं समजावून सांगते, म्हणजे सगळ्या गल्लीला कळतं. काही गोष्टी गल्लीला कळायच्या नसतात. म्हणून लिहायला बसलो. सातवी झालेल्या माणसाचं अक्षर आहे, चुकलंमाकलं सांभाळून घे.

आखाडात आपल्या कोंबड्यांत मानमोडी शिरली. सकाळी खुराडं उघडलं की दोन-तीन कोंबड्या मान वाकडी करून गोल गोल फिरत असायच्या, दुपारपर्यंत खलास. छत्तीस होत्या, अकरा राहिल्या. तुझी मामी रोज खड्डा करून त्यांना पुरायची आणि रडायची. तू दहावीला आमच्याकडं राहिलीस, तुला ठाऊक आहे, कोंबड्या म्हणजे तिचं काम. मी त्यात कधी बोट घालत नसे.

त्याच दिवसांत खुरपताना तिच्या डाव्या पायाच्या करंगळीखाली बाभळीचा काटा गेला. साखरेचा आजार तर आहेच. जिंतूरच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या कॅप्सुली दिल्या, एक सकाळी, एक सांजच्याला. जखम सुकली होती. आता पुन्हा ओली झाली आहे. मी हळद भरतो. काळजीचं कारण नाही असं मला वाटतं. तरी काळजी वाटते.

आता मुख्य गोष्ट. आपला येडबा तुला आठवत असेल. घरामागं राहतो, मेंढरं राखतो, म्हाळसाबाईचा मालक. त्याच्याकडंही दहा-बारा कोंबड्या आहेत. त्यानं मानमोडीत माणसाच्या कॅप्सुली फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकल्या. रोग गेल्यावरही, पुन्हा येऊ नये म्हणून, मधूनमधून टाकतो. अंडी तो लोकांना देतो, बाळंतिणीलाही देतो. तू लॅबमध्ये असतेस म्हणून विचारतो. अशा अंड्यांनी माणसाला काही होतं का? मी त्याला सांगून बघितलं, पण तो ऐकणाऱ्यातला नाही. तुझं उत्तर आलं म्हणजे त्याला दाखवीन.

उत्तर पाकिटात घालून पाठव. कार्डावर नको. पोस्टमन वाचतो.

तुझा मामा
लिंबाजी

---

पूर्णा
दि. १६ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा शेजारीण दारातच होती. म्हणाली, "बाई, कोर्टाचं हाय का?" आजकाल घरी पत्र आलं की लोकांना तेवढंच सुचतं. मी म्हणाले, माझ्या मामाचं आहे, तर तिला ते जास्तच नवल वाटलं.

आधी मामीचं. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम पुन्हा ओली होणं चांगलं नाही. हळद भरू नका. जिंतूरला जाऊन दाखवा. आणि मला एक सांगा, मामीनं त्या कॅप्सुली पूर्ण दहा दिवस घेतल्या का? बरं वाटलं की लोक मधेच सोडून देतात. मग जे जंतू मरत आलेले असतात ते उरतात, आणि त्या औषधाला सरावतात. पुढच्या वेळी तेच औषध दिलं तर त्यांच्यावर चालत नाही. आमच्या लॅबमध्ये असे रिपोर्ट रोज निघतात. मी सकाळच्या गाडीनं परभणीला जाते, संध्याकाळी परत येते, आणि मधल्या वेळेत हेच बघत असते.

आता येडबामामांचं. मानमोडी हा विषाणूचा आजार. त्याला ही कॅप्सूल लागूच पडत नाही. वाचल्या त्या कोंबड्या आपल्या ताकदीवर वाचल्या. त्यासाठी लस असते, थेंबाथेंबानं देतात, जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर सांगतील. कोंबडीच्या पोटात गेलेलं औषध अंड्यात उतरतं. उकडल्यानं ते सगळं जातंच असं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंडी देणाऱ्या कोंबडीला औषध द्यायचं नसतं, आणि दिलं तर ते सांगतील तितके दिवस अंडी पुरून टाकायची. रोज थोडं थोडं देणं तर सगळ्यात वाईट. कोंबडीच्या पोटातले जंतूसुद्धा सरावतात. मग ते विष्ठेत येतात, अंड्याच्या टरफलावर येतात, खुराडं झाडणाऱ्याच्या हातापायाला लागतात. एक अंडं खाऊन माणूस आडवा पडेल असं नाही. पण उद्या त्याच माणसाला खरंच औषध लागलं तर ते चालायला पाहिजे ना?

येडबामामा तुमचं ऐकत नसतील तर राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीत मी येते आणि त्यांना चांगली सुनावते. लहानपणी त्यांच्या मेंढराच्या पिलाला मी चिंचा चारल्या तर केवढे ओरडले होते माझ्यावर! आता माझी पाळी.

तुमची
सुकेशनी

---

खैरवाडी
दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. सुकेशनी,

जयभीम. पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं.

मामीनं सगळ्या कॅप्सुली घेतल्या. तू त्याची चिंता करू नकोस. तिला वाचता येत नाही, गोळ्यांचा डबा माझ्याकडं असतो, मी देतो तेव्हाच ती घेते. पायाला आता बरंच बरं आहे.

येडबाला काही बोलू नकोस. डोक्यानं गरम माणूस आहे, शेजार मोडेल. मीच त्याला समजावलं, त्यानं कबूल केलं. संपलं ते.

एक विचारायचं राहिलं. ती कॅप्सूल मानमोडीला लागूच पडत नाही हे पुस्तकात आहे, का तुमचा अंदाज? कारण येडबानं ती सुरू केली आणि चौथ्या दिवशी मरतुक थांबली. थोडी तरी लागू पडली असेल की. अगदीच वाया गेली असं कसं होईल? पुन्हा एकदा कोणाला तरी विचारून लिही. घाई नाही. पण लिही.

मामा

---

पूर्णा
दि. ८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. तुमच्याकडून येऊन पाच दिवस झाले. हे पत्र एकट्यानं वाचा.

मामीच्या पायाला "बरंच बरं आहे" असं तुम्ही लिहिलं होतं. मी पट्टी सोडली तेव्हा काय दिसलं ते तुम्हीही बघितलं. करंगळी काळी पडायला लागली आहे. मी कापसाच्या काडीवर पू घेतला होता, त्याचा रिपोर्ट आज आला. जिंतूरच्या डॉक्टरांनी जी कॅप्सूल दिली होती ती त्या जंतूंवर अजिबात चालत नाही. तिच्यासारखी आणखी दोन औषधंही चालत नाहीत. इंजेक्शनातलं एक चालतं. परभणीच्या डॉक्टरांची वेळ मी २० तारखेची घेतली आहे, त्याआधीची मिळाली नाही, तोवर जिंतूरला रोज पट्टी बदलायची. हे मामीला फोनवर सांगितलंय. पुढचं तिच्यासमोर विचारता येत नाही म्हणून लिहिते.

डॉक्टरांची जुनी चिठ्ठी तुम्ही डब्यातून काढून दिली, मी तिचा फोटो घेतला. रात्रीचं नीट दिसलं नाही, इथं येऊन बघितलं. मागच्या बाजूला औषधाच्या दुकानाचे शिक्के आहेत, तारखेसकट. एक जुलैचा, दोन ऑगस्टचे, एक सप्टेंबरचा. म्हणजे तीच कॅप्सूल चार वेळा आणली गेली. मामीला विचारलं तर म्हणाली, "एकदाच आणल्या व्हत्या की. त्या बी मधी कमी केल्या, डॉक्टरनं सांजची बंद करायला लावली म्हणं." मी जिंतूरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, मी असं काही सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्ही नको म्हणाला होता तरी मी येडबामामांना हॉटेलात सगळ्यांसमोर बोलले. "लोकांच्या पोटात औषध घालता, लाज न्हाई वाटत का?" असं म्हणाले. त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. माझ्याकडं नाही, तुमच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं बाई. चुकलं आसंल." बस एवढंच. ज्या माणसानं चिंचांसाठी मला गावभर पळवलं होतं, तो इतका गप्प कसा बसला? आणि त्याच दिवशी शेजारच्या कमलबाईची सून सविता बाळाला मांडीवर घेऊन मला म्हणते, "आमी येडबाचं अंडं घेत न्हाई ताई, लिंबाजीकाकाचंच घेतो. सव्वा महिना रोज दोन खाल्ले."

मामा, डॉक्टरांना खरं कळलं तर ते नीट औषध देऊ शकतील. मामीच्या पायासाठी विचारते. बाकी कशासाठी नाही.

सुकेशनी

---

खैरवाडी
दि. १३ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनी,

तीन कागद फाडले, हा चौथा आहे. जयभीम लिहायचा राहिला, तो आता लिहितो.

तो येडबा मीच. येडबानं काही केलेलं नाही. त्याच्या कोंबड्या मेल्या तेवढ्या मेल्या, तो गप बसला. मी शिकलेला, म्हणून मी उपाय केला.

कसं झालं ते सांगतो. कॅप्सुली आणल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम सात कोंबड्या गेल्या. तुझी मामी खुराड्यापुढं बसली ती उठेना. भाकरी नको, चहा नको. पाय सुजलेला, आणि म्हणते, "माझ्या पायाचं मरू द्या, ह्यांचं कायतरी बघा." सुकेशनी, हे वाक्य मी धरून बसलो. तिनंच परवानगी दिली असं मनाला सांगितलं. ती तर रडताना बोलली होती. रडताना माणूस काय वाटेल ते बोलतं.

त्या सांजेपासून तिची दुसरी कॅप्सूल मी ठेवून घेतली. तिला म्हणालो, डॉक्टरनं सांगितलंय, सूज उतरली की सांजची बंद. ती बरं म्हणाली. कधीच उलट विचारत नाही. मी तळहातावर ठेवीन ती गिळायची, सहा वर्षं असंच चाललंय. मला वाचता येतं एवढ्यावर तिचा सगळा भरवसा. आठ दिवस मी तिच्या वाटची कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात घातली. कापलेल्या डब्यात ते पाणी पिवळट व्हायचं. चौथ्या दिवशी मरतुक थांबली. तुला खरं सांगतो, मला वाटलं मी डॉक्टर झालो. गल्लीत छाती काढून फिरलो. कुणाला सांगितलं नाही, पण फिरलो.

मग भीती वाटायला लागली की रोग पुन्हा येईल. चिठ्ठी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, बाईचा पाय अजून बरा न्हाई का?" मी म्हणालो, न्हाई. तेव्हा पाय चांगला सुकलेला होता. तीन वेळा गेलो, तीन वेळा तेच बोललो. नंतर तो पाय खरोखर चिघळला. मी अंधश्रद्धा मानत नाही, आपण मानत नाही. पण आता सकाळी पट्टी बघितली की आपलंच बोलणं समोर आल्यासारखं वाटतं.

डॉक्टर म्हणाले होते, बाईला रोज एक अंडं द्या, ताकद येईल. ते मीच उकडून, सोलून, मीठ लावून तिच्या हातात द्यायचो. खुराडंही तीच झाडायची, जखमेच्या पायानं, चप्पल न घालता. मी बघत होतो. आणि सविता बाळंत झाली तेव्हा अंडी मीच नेऊन दिली. कमलबाई म्हणाली, "भाऊजी, तुमच्या कोंबड्याचं अंडं म्हंजी चोख." मी मान हलवली.

तुझं पहिलं उत्तर आलं त्या दिवशी मी कॅप्सुली टाकणं बंद केलं. हे खरं आहे, विश्वास ठेव अथवा नको ठेवू. पण अंडी देणं बंद केलं नाही. बंद केली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

हॉटेलातलं तू लिहिलंस. मी तिथंच बाकावर होतो. माझ्या चहावर साय धरली तरी मी कप उचलला नाही. एक शब्द बोलायचा होता, "सुकेशनी, तो नाही." एवढाच. येडबा उठून गेला तेव्हा धोतराचा सोगा माझ्या गुडघ्याला लागला, तरी त्यानं मुद्दाम वळून बघितलं नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता मला एकच सांग. तिचा पाय माझ्यामुळं चिघळला का? हो किंवा नाही, एका शब्दात लिही. आणि पाय राहील का तेही लिही.

डॉक्टरला तू सांग. मामीला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, मी म्हातारा माणूस आहे. तिला सांगू नकोस.

लिंबाजी

---

पूर्णा
दि. १८ नोव्हेंबर २०२४

मामा,

जयभीम. हे पत्र पोस्टात टाकत नाही. नागसेन कामानिमित्त जिंतूरला निघालेत, त्यांच्या हाती देते. त्यांना काही सांगितलेलं नाही, त्यामुळं जावयापुढं तोंड लपवायची गरज नाही. चहा पाजा.

तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी मामीचा फोन घेतला नाही. आवाज ऐकला असता तर सगळं सांगून टाकलं असतं. दहावीच्या परीक्षेला मला ताप होता तेव्हा ती रात्रभर उशाशी बसली होती, हे आठवतं आणि तुमचा राग येतो. मग तुमचं अक्षर आठवतं. किती दाबून लिहिलंय, कागद मागून फुगलाय. मग रागही धड राहत नाही.

एका शब्दात उत्तर मागता, ते माझ्याकडं नाही. अर्धं औषध मिळालं म्हणून असेल. साखर वाढली म्हणून असेल. खुराड्यातून आलं असेल. तुमच्या कॅप्सुलींच्या आधीपासून ते जंतू तसेच असतील. रिपोर्टमध्ये कोणाचं नाव येत नाही. "हो" लिहिलं असतं तर तुम्ही स्वतःला मारत बसला असता, "नाही" लिहिलं असतं तर सुटला असता. दोन्हीनं मामीचा फायदा नाही.

डॉक्टरला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. किती दिवस, किती कॅप्सुली, सगळं. पाय वाचेल अशी आशा आहे, बोट वाचेल असं वाटत नाही.

मामीलाही मी सांगणार नाही. तुम्ही म्हणता म्हणून नव्हे. ते माझं काम नाही म्हणून.

सविताला आजच सांगा की ती अंडी तुम्ही आता देणार नाही, आणि का ते. तिचं बाळ चांगलं आहे, घाबरवू नका, पण पुढं कधी आजारी पडलं तर डॉक्टरला माहीत असावं. असतील ती अंडी पुरून टाका. जनावरांच्या डॉक्टरांना भेटून पुढं किती दिवस थांबायचं ते विचारा, आणि लस द्या.

येडबामामांची माफी मला मागायची आहे. माझी चूक मोठी आहे, मी न विचारता बोलले. पण आधी तुम्ही जा. तुमच्या आधी मी गेले तर ते मलाच विचारतील, "लिंबाजी कुठं हाय?" मी काय सांगू?

बुधवारी सकाळी आठला परभणीच्या बसस्टँडवर मी थांबते.

सुकेशनी

---

खैरवाडी
दि. ९ जानेवारी २०२५

चि. सुकेशनी,

मामाचा जयभीम. तुझ्या मामीची जखम भरत आली. करंगळी गेली तेवढीच गेली, पाय राहिला, डॉक्टरांनी परवा बघून सांगितलं. काठी घेऊन अंगणापर्यंत येते. गोळ्या अजून पंधरा दिवस आहेत.

डॉक्टरांसमोर मी बोललो तेव्हा तू मामीला पायाचा एक्स-रे काढायला घेऊन गेली होतीस, म्हणून तू ऐकलं नाहीस. त्यांनी सगळं लिहून घेतलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "काका, शिकलेले दिसता?" मी सातवी म्हणालो.

बाकीचं मी तेव्हा केलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा केलं म्हणालो, ते खोटं होतं. हे शेवटचं खोटं. येडबाच्या दारात मी गेलो होतो, पण मेंढरांची चौकशी करून परत आलो. दोन वेळा. तिसऱ्या वेळी तोच म्हणाला, "माझी मेंढरं खुशाल हायती, लिंबाजी. तू सांग, तुला काय व्हायलंय?"

मग सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "आरं, मी सोता ताप आला तरी कॅपसूल गिळत न्हाई, कोंबडीला कुठली घालू? तुझ्या भाचीनं माझी बिनपाण्यानं केली तवाच मला कळलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुझ्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, आता बोलंल, मंग बोलंल. दीड महिना झाला. म्हाळसा म्हणती, तुमचा दोस्त मुका झाला का काय?" मग हसणं थांबलं. "आन् हे मला कशाला सांगतूस? मला म्हाईत हाय. जिथं मी बोलणी खाल्ली तिथं सांग."

तोच मला हॉटेलात घेऊन गेला. दंडाला धरून नाही, पण मागं मागं चालत होता, म्हणजे मला वळता येऊ नये. सहा-सात माणसं होती. मी उभ्यानं सांगितलं. एकजण म्हणाला, "काका, मंग तुमची अंडी खाऊनच माझा खोकला गेला म्हणा की!" सगळे हसले. सविताचा मालक बालाजी तेवढा हसला नाही. कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. सविताला सांगायला मी त्याच्या मागोमाग घरी गेलो. तिनं बाळाला आत नेलं. कमलबाई म्हणाली, "भाऊजी, बरं केलं सांगितलं." पण बस म्हणाली नाही.

अंडी पुरतो आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी खात्रीसाठी आणखी काही दिवस सांगितलेत, ते भरले तरी लोक घेतील असं वाटत नाही. येडबाकडं मात्र परवा दोघं अंडी मागायला आले होते. म्हाळसाबाईनं मला ऐकू जाईल असं मोठ्यानं त्यांना सांगितलं, "घ्या की, चांगली हायती." ते मला ऐकू आलं.

आता मामीचं. काल दुपारी ती उन्हात बसली होती, पाय खाटेवर. मी शेजारी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. दुकान, चिठ्ठी, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांजची?"

मी म्हणालो, हो.

"किती दिस?"

"आठ."

ती खुराड्याकडं बघायला लागली. अकरा कोंबड्या उन्हात माती उकरत होत्या. मग तिच्या तोंडावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. राग नव्हता. थोडंसं बरं वाटल्यासारखं होतं. म्हणाली, "म्हंजी ह्या अकरा जगल्या त्या माझ्या गोळीनं जगल्या म्हणा की."

सुकेशनी, तिथं मी गप बसू शकलो असतो. हो म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. तिनं तेवढं मनाशी धरलं असतं आणि मीही सुटलो असतो. तुझी सगळी पत्रं मला पाठ आहेत. मी म्हणालो, "न्हाई. त्या रोगाला ती गोळी चालतच न्हाई. जगायच्या त्या जगल्या. तुझी गोळी वाया गेली."

तिनं पायाकडं बघितलं. पट्टीवर हात ठेवला. म्हणाली, "येवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं व्हतं तुमी."

याला काय उत्तर द्यायचं ते तुला सुचलं तर लिही.

सांजेला गोळीची वेळ झाली. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. तांब्या तिनं घेतला. गोळीसाठी कमलबाईला हाक मारली, माझ्या हातातली गोळी तिला बघायला लावली, आणि तिच्या हातून घेतली.

मामा